गयानाला निघालेल्या तेलवाल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मित्रांनो,

यंदा गणपतीत पनवेलला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो होतो. आरती झाली, हातात मोदक आला, आणि समोर दोन पोरं येऊन बसली. एक ड्रिलिंगचा, एक मेन्टेनन्सचा. दोघांचंही दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं काम पक्कं झालेलं. मी तिथं २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षं काढलीत म्हटल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तूरडाळ मिळते का, मच्छर किती, रोटेशन खरंच २८ दिवस काम, २८ दिवस सुट्टी असं असतं का. मग ड्रिलिंगवाला म्हणाला, "काका, तिथले पेपर म्हणे रोज एक्सॉनमोबिल कंपनीच्या नावानं शिमगा करतात. एवढा पैसा येतोय देशात, मग बोंब कसली मारतात?"

मी मोदक तोंडात टाकून वेळ मारून नेली. उत्तर लांबण होतं आणि पंगत खोळंबली होती. पण तो प्रश्न त्या एकट्याचा नाही. क्रू चेंजच्या गाडीत, ओगलच्या हेलिकॉप्टर टर्मिनलवर, गेस्ट हाउसच्या जेवणाच्या टेबलावर तो मी आपल्याच लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकला, आणि सुरुवातीला मीही तसंच बोलायचो. म्हणून हे पत्र त्या दोघांना, आणि त्यांच्यामागून जाणाऱ्या सगळ्यांना.

आधी नावाची गंमत. राजधानी जॉर्जटाउनचं डच काळातलं नाव स्टाब्रूक. शहराच्या मध्यात लोखंडी सांगाड्याचं, डोक्यावर घड्याळाचा मनोरा असलेलं जुनं मार्केट आहे, १८८१ सालचं. ते स्टाब्रूक मार्केट. १९८६ साली निघालेलं वर्तमानपत्र, ते 'स्टाब्रूक न्यूज'. आणि किनाऱ्यापासून दोनशेएक किलोमीटरवर समुद्रात तुम्ही ज्याच्यावर काम करणार, तो तेलाचा पट्टा, स्टाब्रूक ब्लॉक. तुम्हाला तिसरं स्टाब्रूक तेवढं ठाऊक आहे. पेट्रोल पंपावरचा पोऱ्याही तुम्हाला त्या ब्लॉकबद्दल दोन आकडे सांगेल, कारण दुसऱ्या स्टाब्रूकनं आणि त्याच्या भावकीतल्या पेपरांनी ते त्याच्या डोक्यात घातलेत.

देश केवढा? माणसं ८ लाखांच्या आसपास. एकट्या नवी मुंबईत याहून जास्त राहतात. जमीन मात्र महाराष्ट्राच्या दोनतृतीयांशाहून थोडी जास्त, बहुतेक जंगल. दक्षिण अमेरिकेत इंग्रजी राजभाषा असलेला हा एकच देश. २०१५च्या मे महिन्यात लिझा-१ विहिरीत तेल लागलं, २० डिसेंबर २०१९ला पहिलं तेल वर आलं. ब्लॉकचं क्षेत्रफळ २६,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या साडेतीन पटींहून जास्त. तेलाचा अंदाज ११ अब्ज पिंपांच्या वर. हे सगळं तुमच्या इंडक्शनच्या स्लाइडवर असेल.

स्लाइडवर नसतो तो हिशेब. तो मला माझ्या घरमालकिणीनं शिकवला. साठीच्या पुढची बाई. पणजोबा कलकत्त्याहून ऊसमळ्यावर मजुरीला आलेले. तिथं वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, मीही म्हणायचो. सकाळी व्हरांड्यात हॅमॉकवर बसून पेपर वाचायची आणि सुरुवात मागच्या पानापासून, निधनवार्तांपासून करायची. एकदा मी चहा घेत होतो, तर टेबलावरच्या लिंबांची तिनं रास मांडली. म्हणाली, शंभर लिंबं म्हणजे शंभर पिंपं तेल समज. पंचाहत्तरपर्यंत कंपनी खर्चापोटी उचलते. उरली पंचवीस, ती अर्धीअर्धी. साडेबारा तुमची, साडेबारा आमची. वर दोन टक्के रॉयल्टी. किती झाले? साडेचौदा. आणि करारात असंही कलम आहे की कंपनीचा आयकर सरकारनं आपल्याच वाट्यातून भरायचा.

बाई कुठल्या कॉलेजात गेलेली नव्हती. हे सगळं तिनं पेपरात वाचलं होतं.

तो करार २०१६ साली सही झाला आणि दीडेक वर्ष कुणाला दिसलाच नाही. सही करताना कंपनीनं सरकारला बोनस दिलाय का, असं पेपरवाले विचारत राहिले. सरकारी बाजूनं नाही-नाही चाललेलं. २०१७च्या डिसेंबरात अर्थ मंत्रालयाचं देशाच्या मध्यवर्ती बँकेला गेलेलं एक पत्र बाहेर आलं: १ कोटी ८० लाख अमेरिकी डॉलर वेगळ्या खात्यात ठेवा, असं. त्याच महिन्याच्या शेवटी, २८ तारखेला, आख्खा करार जाहीर करावा लागला. आंटीकडे त्या दिवसांतली कात्रणं होती, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, लग्नपत्रिकांच्या खाली.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मी मटेरियल्सचा माणूस. डेमेरारा नदीकाठच्या शोअर बेसवर, म्हणजे समुद्रात माल पाठवायच्या किनाऱ्यावरच्या तळावर, केसिंग, केमिकल, व्हॉल्व्ह, ग्रीसचे डबे, सगळं माझ्या सहीनं जायचं. त्या लिंबांच्या दिवसापर्यंत मला कधी सुचलं नव्हतं की माझ्या सहीचा प्रत्येक कागद त्या पंचाहत्तरांत जाऊन बसतो. माझा डे-रेट, म्हणजे रोजाचा पगारसुद्धा. माझं विमानाचं तिकीट, आंटीला मिळणारं भाडं, शनिवारचं हॉटेलातलं बिलही. खर्च फुगला की देशाचा वाटा वाढायचा दिवस मागे सरकतो. तेव्हा "पेपर कंपनीच्या मागे लागलेत" असं आपण म्हणतो ना, त्यातला कंपनी हा शब्द जरा उलगडून बघा. त्यात तुम्ही आहात. ते तुमचंही बिल तपासतायत.

आणि तपासायला दुसरं आहे कोण? १९९९ ते २०१७ या काळातला १६७ कोटी डॉलरचा खर्च सरकारनं एका ब्रिटिश फर्मकडून तपासून घेतला. तिनं २१ कोटी ४० लाखांवर बोट ठेवलं. पुढे कळलं की मंत्रालयातून कुणीतरी ती वादातली रक्कम ३० लाखांवर आणायला परस्पर मान डोलावली होती. २१ कोटींचे ३० लाख! मी त्या वर्षी, २०२३ला, तिथंच होतो. कित्येक आठवडे पहिल्या पानावर तेच. मग सरकारला सांगावं लागलं की हे आम्हाला मान्य नाही. आमच्या ऑफिसात मात्र चहाच्या मशिनपाशी एकच वाक्य: "या लोकांना उपकाराची जाणीव नाही."

उपकार कसले हो? तेल त्यांचं.

आपलं असं का होतं, तेही मला थोडं कळतं. आपण मुंबई हायच्या सावलीत वाढलेली माणसं. १९७४ला तिथं तेल लागलं, उरणला प्लांट आला, घरटी एक जण ओएनजीसीत किंवा तिच्या ठेकेदाराकडे. तेल म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे आपलं, त्यामुळे पिंपातला वाटा कुणाला किती, हे सकाळी पेपर उघडून बघायची पाळी आपल्यावर आली नाही. (जमिनी गेल्या त्यांना विचाराल तर उत्तर वेगळं येईल, पण तो विषय मोठा आहे.) गयानात पाण्याखालचं सगळं परक्यांच्या हाती आहे, आणि सामान्य माणसाला त्यात डोकावायला पेपर हीच काय ती फट.

ती फट फुकट मिळालेली नाही. १९७०च्या दशकात बर्नहॅम यांच्या राजवटीत दोन्ही मोठी दैनिकं सरकारच्या मुठीत गेली. विरोधी पक्षाचा 'मिरर' तेवढा उरला, तर छपाईच्या कागदाला आणि यंत्रांना आयात परवाना लागू झाला. परवाना दिला नाही की पेपर आपोआप बारीक होतो, बंदी घालायची गरजच नाही. 'मिरर' कोर्टात गेला, हरला. 'कॅथलिक स्टँडर्ड' नावाचं चर्चचं छोटं पत्र फादर अँड्र्यू मॉरिसन चालवायचे, सरकारला बोचणारं काही छापायचं तर ते तिथंच. १४ जुलै १९७९ला त्या पत्रासाठी फोटो काढणारे फादर बर्नार्ड डार्क यांना एका निदर्शनाजवळ भर रस्त्यात भोसकून मारलं. ते शाळेत शिकवायचे. आंटीला ते दिवस आठवतात. पण ती सांगते ती गव्हाच्या पिठाची गोष्ट, कारण १९८२च्या सुमारास पीठच बंदीत गेलं होतं आणि तिची आई तांदळाच्या पिठाची रोटी थापायची. पिठाचं जे झालं तेच कागदाचं, तिच्या लेखी दोन्ही एकच.

बर्नहॅम १९८५ला गेले. पुढच्या वर्षी डेव्हिड डी केअर्स नावाच्या वकिलानं 'स्टाब्रूक न्यूज' काढला. पहिले अंक शेजारच्या त्रिनिदादला 'एक्स्प्रेस'च्या छापखान्यात छापून विमानानं यायचे. आपल्या देशाचा पेपर दुसऱ्या देशात छापायचा आणि विमानतळावर जाऊन सोडवून आणायचा! मी आयुष्यभर कार्गो सोडवला, त्यामुळे मला या गोष्टीचं फार वाटतं. रोज संध्याकाळी कस्टमच्या खिडकीशी उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

नंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. ८ ऑगस्ट २००६च्या रात्री 'कायेचूर न्यूज' या दुसऱ्या पेपरच्या एक्लिसच्या छापखान्यात बंदूकधारी शिरले आणि छपाईच्या पाच कामगारांना ठार केलं. बातमी लिहिणारे नव्हेत, मशिनवर उभे असणारे. तुमच्या-माझ्यासारखे शिफ्टवाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारनं 'स्टाब्रूक न्यूज'च्या जाहिराती तोडल्या, त्या थेट २००८च्या एप्रिलमध्ये परत सुरू झाल्या. एवढ्याशा देशात सर्वात मोठा जाहिरातदार सरकारच. टेंडर नोटिसा बंद म्हणजे महिनाअखेरच्या पगाराला कात्री. कागदाच्या परवान्याचंच हे सुधारलेलं रूप.

आता तुम्ही पोहोचल्यावर कोणता पेपर हातात घ्याल? 'गयाना क्रॉनिकल' सरकारी आहे. त्यात फिती कापल्याचे फोटो बघून घ्या, कुठला रस्ता कधी सुरू होणार तेही कळतं, ते काही कमी कामाचं नाही. 'गयाना टाइम्स' २००८ पासूनचा, खासगी, पण आताच्या सत्ताधारी पक्षाच्या जवळचा मानला जातो. 'स्टाब्रूक'चा आवाज माझ्या वेळी वकिली, सावकाश, थोडा कोरडा होता. 'कायेचूर' म्हणजे चौकातला माणूस: मोठ्या अक्षरात, रोज, एकच गोष्ट दहा वेळा. मालक ग्लेन लॉल यांचं तेल कराराशी हाडवैर, ते पानापानांवर दिसतं. मला सुरुवातीला त्याचा वैताग यायचा. कधी कधी मथळा बातमीच्या चार पावलं पुढे पळतो, हे आजही म्हणेन. पण त्याच पेपरात 'डेम बॉइज से' नावाचं सदर यायचं, पूर्ण क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत. 'पोरं म्हणतात', असा त्याचा अर्थ. कट्ट्यावरच्या गप्पांसारखं, मंत्र्यापासून कंपनीपर्यंत सगळ्यांची टोपी उडवणारं, आणि शेवटची ओळ ठरलेली: "टॉक हाफ, लेफ हाफ." अर्धं बोल, अर्धं ठेव. मी क्रिओल शिकलो ते या सदरावर. पहिले तीन महिने ओ की ठो कळलं नाही, मग एके दिवशी मिनिबसमध्ये एकटाच हसलो आणि शेजारच्या बाईनं विचारलं, आज काय म्हणतायत पोरं?

पण मला सर्वात जास्त आवडायचं ते वाचकांच्या पत्रांचं पान. आपल्याकडे 'लोकसत्ता'त 'लोकमानस' असतं, तसं; फक्त लांबी आणि जिद्द वेगळी. निवृत्त शिक्षक, लेखापाल, टोरोंटोला आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेले इंजिनिअर. करारातलं कलम क्रमांकासकट उद्धृत करून सहाशे-सातशे शब्द. दोन दिवसांनी त्याला दुसऱ्याचं उत्तर. मग पहिल्याचं प्रत्युत्तर, अधिक तिखट. ख्रिस्टोफर रॅम नावाचे लेखापाल-वकील 'स्टाब्रूक'मध्ये तेलावर सदर लिहायचे, ते तर करार शाळेतल्या धड्यासारखा ओळीओळीनं सोडवायचे. गॅस जाळण्याचा प्रश्न, तेल सांडलं तर भरपाई कोण देणार हा प्रश्न, सगळं आधी या पानांवर घुसळलं गेलं. विम्याच्या मुद्द्यावर दोन नागरिक कोर्टात गेले आणि २०२३च्या मे महिन्यात हायकोर्टानं कंपनीच्या अमेरिकी पालकसंस्थेनं अमर्याद हमी द्यावी असा निकाल दिला. त्यावर अपील झालं, तो भाग वेगळा. त्या सकाळी बेसवर सन्नाटा होता.

या पत्रांच्या पानाशी माझी एक गोष्ट जोडलेली आहे, आणि खरं सांगायचं तर ती सांगायलाच मी बसलोय.

२०२२ साल. आदल्या वर्षाच्या शेवटी स्थानिकांना काम देण्याचा कायदा झाला होता, कुठल्या सेवेत स्थानिक वाटा किती त्याचे टक्के ठरलेले. दुपारी दोनच्या उन्हात एक मुलगी बेसच्या गेटवर आली. विशीतली, खांद्याला कापडी पिशवी, वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहिलेले. एका पेपरची वार्ताहर. तिला एवढंच हवं होतं: तुमच्या यार्डात क्रेनवर, स्टोअरमध्ये, रिगिंगला गयानीज पोरं किती आणि बाहेरची किती. आकडा मला पाठ होता. मीच तर गेट पासची यादी रोज बघायचो. मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, हेड ऑफिसला विचारा. ती म्हणाली, विचारलंय, ११ दिवस झाले. मी पुन्हा तेच म्हणालो. तिनं वही मिटली, थँक्यू म्हणाली आणि रस्त्यावर ४२ नंबरच्या मिनिबसची वाट बघत उभी राहिली. मी आत एसीत गेलो.

दोनेक आठवड्यांनी पत्रांच्या पानावर एक पत्र आलं. नाव छापलेलं नव्हतं. कुणा बापानं लिहिलेलं: मुलानं रिगिंगचा कोर्स केला, सर्टिफिकेट आहे, तीनदा अर्ज केला, दर वेळी कळवू म्हणतात, आणि गेटमधून रोज बाहेरच्या माणसांनी भरलेली व्हॅन आत जाते. कुठलं गेट, ते लिहिलं नव्हतं. मला लिहायची गरज नव्हती. ती व्हॅन मीच बुक करायचो.

तुम्ही म्हणाल, काका, आमच्या करारात लिहिलेलं असतं, पत्रकारांशी बोलायचं नाही. असतं. मोडा असं मी म्हणत नाही, नोकरी प्रत्येकाला हवी. पण न बोलणं वेगळं आणि गेटवर आलेल्या पोरीला पिटाळून नंतर मेसमध्ये तिच्या पेपरची टिंगल करणं वेगळं. मी दोन्ही केलं.

अजून एक. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांचे अध्यक्ष इरफान अली यांची बीबीसीवरची २०२४ची मुलाखत पाहिली असेल, जंगल आणि कार्बनवरून मुलाखतकाराला त्यांनी कसं गप्प केलं ती. पनवेलच्या पोरांनीही पाहिली होती, दोघांना ती जवळजवळ पाठ. मस्त बोलले, मान्य. पण त्यांच्या घरच्या पत्रकारांची तक्रार अशी की आम्हाला असं समोर बसून प्रश्न विचारायला मिळतच नाही. जगभरच्या वृत्तस्वातंत्र्याच्या यादीत २०२२ला ३४व्या जागी असलेला देश २०२४ला ७७व्या जागी गेला. आपण त्याच यादीत १५९वे होतो, तेव्हा त्यावर मान हलवायचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

२०२०ची निवडणूक मी तिथंच पाहिली. २ मार्चला मतदान, आणि निकाल जाहीर झाला २ ऑगस्टला. पाच महिने! वर कोविड. चौथ्या जिल्ह्याचे आकडे दर काही दिवसांनी बदललेले असायचे, फेरमोजणी, कोर्ट, पुन्हा कोर्ट. आंटी मतदान केंद्रांच्या तक्त्यांवरून बोट फिरवायची आणि स्वतःच्या वहीत बेरीज करायची. पेपर टाकणारा मुलगा मास्क लावून कुंपणावरून अंक भिरकवायचा. तो एकदा व्हरांड्याच्या छपरावर पडला, तर बाईनं मला शिडी लावायला लावली. आदल्या दिवशीची बेरीज जुळत नव्हती.

तर, पोरांनो, चेद्दी जगन विमानतळावर उतरलात की शहरात यायला तासभर लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नलला पेपरवाला दिसेल, काच खाली करा. दोन वेगवेगळे घ्या, एक सरकारी आणि एक सरकारवर चिडलेला. अख्खे वाचा, फोनवर आलेलं कात्रण नको. आणि विकत घ्या. मेसमध्ये एक अंक वीस जण फिरवतात, त्यानं त्या पोरीचा पगार निघत नाही. पत्रांचं पान सोडू नका. तुमच्या यार्डाबद्दल कुणी लिहिलं असेल तर रागावण्याआधी गेट पासची यादी काढून बघा.

सुट्टीवर याल तेव्हा मला रविवारचा एक अंक आणा, जो मिळेल तो. घडी मोडली तरी चालेल. फक्त मागची पानं काढू नका. आंटी आता सत्तरीला आली असेल. गेले दोन-तीन महिने तिचा फोन लागत नाही.

तुमचा,
शोअर बेसवरचा एक निवृत्त मटेरियल्सवाला, उरण